स्विफ्टचे ब्रेक पॅड: कंपनीच्या डब्यातले आणि बाजारातले

गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपत आले की गॅरेजमध्ये हमखास विचारणा होते, ‘साहेब, कंपनीचे टाकू की बाहेरचे?’ बहुतेक जण किमतीचा आकडा ऐकून किंवा गॅरेजवाल्यावर विसंबून काहीतरी उत्तर देतात, आणि ज्या भागावर गाडीतल्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो त्याची निवड अर्ध्या मिनिटात उरकली जाते. आमच्याकडे २०११ साली बाजारात आलेल्या पिढीतली मारुती स्विफ्ट आहे. तिला पुढे व्हेंटिलेटेड डिस्क (पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटतात ती, आतून हवा खेळणारी तबकडी) आणि मागे ड्रम (ज्याच्या आतल्या बाजूला ब्रेक शू दाबले जातात तो डबा) आहेत. या गाडीला आजवर मारुती जेन्युइन पार्ट्सचे, बॉशचे आणि ब्रेक्स इंडियाचे टीव्हीएस अपाचे या नावाने मिळणारे असे तीन प्रकारचे पॅड लावून झाले आहेत. गाडी मुख्यतः पुणे शहरात चालते, पण घाट उतरून कोकणातही बऱ्याचदा जाते, त्यामुळे सिग्नलमागून सिग्नल आणि लांबलचक उतार अशा दोन्ही परिस्थितींत हे पॅड पारखता आले. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. वॉरंटी संपलेल्या गाडीला नामांकित उत्पादकाचे बाजारातले पॅड निर्धास्त लावावेत, मात्र तो डबा कोणाच्या हातून आला याची खात्री हवी. ती नसेल तेव्हा जास्तीचे पैसे मोजून कंपनीचाच डबा घ्यावा. आणि ब्रेकमधले काही भाग असे आहेत, की त्यांच्या बाबतीत स्वस्त मालाचा विचारही मनात आणू नये.

कंपनीचा माल म्हणजे गाडीच्या कंपनीने आपल्या कारखान्यात घडवलेला माल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात वाहन कंपन्या ब्रेकचे पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. राळ, धातूचे तंतू, ग्रॅफाइट, बेरियम सल्फेट, अॅरॅमिड तंतू अशा पंधरा-वीस पदार्थांचे मिश्रण ठरावीक दाबाखाली आणि तापमानात पोलादी पट्टीवर बसवणे हे वेगळेच शास्त्र आहे, आणि ते जाणणारे कारखानेही वेगळे आहेत. चेन्नईजवळच्या पाडी येथे १९६२ साली सुरू झालेली ब्रेक्स इंडिया ही त्यांतली जुनी कंपनी. महाराष्ट्रात पाहिले, तर एकेकाळची घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो आज हिंदुस्तान कंपोझिट्स या नावाने पैठण आणि भंडारा येथे घर्षणाचे साहित्य बनवते, आणि पूर्वी कल्याणी ब्रेक्स म्हणून ओळखला जाणारा जळगावचा ब्रेकचा कारखाना आधी बॉशकडे व पुढे हिताची समूहाकडे गेला. असे पुरवठादार वाहन कंपनीला माल देतात, तो कंपनीच्या डब्यात भरून अधिकृत दुकानांत जातो, आणि त्यांतले बरेच जण तशाच प्रकारचा माल स्वतःच्या नावानेही विकतात. मात्र दोन्ही डब्यांतले मिश्रण तंतोतंत एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, कारण वाहन कंपनीने आपल्या मॉडेलसाठी ठरवून घेतलेले मिश्रण पुरवठादाराला बाहेर विकता येईलच असे नाही. तरीही प्रयोगशाळा त्याच, चाचण्या घेणारी माणसे तीच आणि बुडणारी अब्रूही तीच, ही गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने मोलाची आहे.

मारुती जेन्युइन पार्ट्सच्या पॅडबद्दल तक्रारीला जागा नाही. बसवताना कुठे घासावे-ठोकावे लागत नाही, सोबतच्या पत्र्याच्या क्लिपा आपल्या खाचेत बरोबर बसतात, आणि पेडलवरचा पाय पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटतो. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. गाडी तयार करताना पुढच्या डिस्कने किती जोर लावायचा आणि मागच्या ड्रमने किती, याचा तोल अभियंत्यांनी मूळ पॅडची पकड गृहीत धरूनच बसवलेला असतो. पुढे कमी पकडीचे पॅड आले की तेवढीच गाडी थांबवायला पेडल जास्त दाबावे लागते, जास्तीचा भार मागच्या चाकांवर जातो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके लवकर अडकू पाहतात. मूळ पॅड घेतले की या तोलाची काळजी उरत नाही. त्यांचा दोष म्हणजे किंमत. बाजारातल्या नामांकित पॅडपेक्षा ते बऱ्यापैकी महाग पडतात, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतले तर मजुरीही वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीचा डबा समोर आला तर नव्या दराने हिशेब मागून घ्यावा.

बॉश आणि टीव्हीएस अपाचे यांचे पॅड नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानातून घेतले. तिथल्या दुकानदारांनी सांगितल्याबरोबर तिन्ही डबे काउंटरवर उघडून शेजारी शेजारी मांडले, आणि तो सगळा प्रकार फार शिकवून जाणारा ठरला. पहिल्यांदा पाहायची ती पॅडची पोलादी पाठ. तिन्ही पॅडच्या पाठीवरचा रंग सारखा बसलेला होता, कडांना धार किंवा कापल्याचे काटे नव्हते, आणि पाठीवर आवाज शोषणारा पातळ थर, ज्याला दुकानात शिम म्हणतात, नीट चिकटवलेला होता. पॅडच्या दोन्ही टोकांना तिरका काप होता. त्यामुळे पॅड डिस्कवर टेकताना कडेने अडखळत नाही आणि किंचाळत नाही. मग त्यांनी शेल्फच्या खालच्या कप्प्यातून चौथा डबा काढला, ज्याची किंमत जवळजवळ निम्मी होती आणि ज्यावर उत्पादकाचे नाव धड नव्हते. त्यातल्या पॅडला शिम नव्हता, काप नव्हता, घर्षणद्रव्य आणि पोलादी पाठ यांच्या मध्ये नखाला जाणवेल अशी फट होती, आणि चार पॅडची जाडी डोळ्यांनीही वेगवेगळी दिसत होती. ‘हे टॅक्सीवाले नेतात, आम्ही घरच्या गाडीला देत नाही,’ असे ते स्वतःच म्हणाले. टॅक्सीत बसणाराही कोणाच्या तरी घरचाच असतो, त्यामुळे ते वाक्य ऐकून वाईट वाटले.

पॅडच्या कडेवर छापलेल्या किंवा उमटवलेल्या अक्षरांकडे फार थोडे ग्राहक पाहतात. त्या ओळीच्या शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरे असतात: पहिले अक्षर सर्वसाधारण तापमानातली पकड सांगते आणि दुसरे तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक, अर्थात पकडीचे माप, ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला एफएफ हा दर्जा पुरेसा चांगला समजावा. एफई लिहिलेले असेल, तर तापल्यावर पकड एका पायरीने उतरते असा त्याचा अर्थ होतो, आणि घाटात जाणाऱ्याने तो पॅड परत करावा. ही अक्षरे छोट्याशा नमुन्यावरच्या चाचणीतून येतात, म्हणून केवळ त्यांवरून पॅडचा टिकाऊपणा किंवा शांतपणा कळत नाही. युरोपातला आर ९० हा नियम अधिक कडक आहे: त्यात बदली पॅडची तुलना मूळ पॅडशी केली जाते आणि ब्रेकची कामगिरी मूळच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते. डब्यावर किंवा पॅडच्या पाठीवर वर्तुळातले ई आणि त्यासोबत ९०आर असे चिन्ह आढळले, तर त्या विशिष्ट गाडीसाठी तो पॅड मूळ पॅडच्या जोडीने तपासला गेला आहे असे समजावे. आपल्याकडच्या नामांकित उत्पादकांपैकी जे युरोपात माल पाठवतात त्यांच्या काही पॅडवर हे चिन्ह दिसते, आणि दोन डब्यांत निवड करायची असेल तर मी चिन्ह असलेला डबा उचलीन.

शहरात तिन्ही पॅडमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. खरी परीक्षा घाटात होते. माणसांसह सुमारे १,२०० किलो वजनाची गाडी सह्याद्रीचा घाट ६०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास ७० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीस-बावीस लिटर पाणी उकळीला येते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले तर इंजिन आणि हवेचा विरोध यातला बराच वाटा उचलतात, पण जो चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरतो त्याच्या डिस्कवर सगळाच भार पडतो. पॅडमधली राळ प्रमाणाबाहेर तापली की तिच्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ थर धरतो, आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबेनाशी होते. वरंध आणि ताम्हिणी उतरताना, योग्य गिअर ठेवून, मूळ पॅड आणि दोन्ही नामांकित पॅड यांनी पायथ्यापर्यंत सारखीच साथ दिली. शेवटच्या वळणांवर पाय अधिक खोल न्यावा लागला नाही. पावसात पाण्यातून गेल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकलाही तिन्ही जवळजवळ सारखे वागले. राहता राहिली चाकांवरची काळी धूळ: ती बाजारातल्या पॅडमुळे थोडी अधिक पडली. अलॉय चाके चकचकीत ठेवणाऱ्याला हे खुपेल, मला ते किरकोळ वाटते.

त्या चौथ्या डब्यासारख्या मालाविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. स्वस्त पॅडमध्ये पैसे वाचवले जातात ते राळेच्या प्रतीत, भाजण्याच्या वेळेत आणि पाठीच्या पट्टीवर घर्षणद्रव्य चिकटवण्याच्या कामात. पट्टी नीट साफ न करता त्यावर घर्षणद्रव्य चिकटवलेले असेल तर पट्टीवर गंज धरतो आणि आतून फुगून घर्षणद्रव्याला उचलू लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा धोका अधिक आहे, आणि पॅडची जाडी भरपूर दिसत असतानाही त्याचा तुकडा सुटू शकतो. दुसरी गोष्ट अॅस्बेस्टॉसची. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, आणि नाव-गाव नसलेल्या लायनरमध्ये (ड्रममधल्या शूवरच्या घर्षणाच्या थरात) काय भरले आहे हे कळायला मार्ग नसतो. गॅरेजमधली पोरे ड्रम उघडून त्यातली धूळ हवेच्या पाइपने उडवतात आणि तीच श्वासात घेतात. नामांकित डब्यांवर अॅस्बेस्टॉसमुक्त असे लिहिलेले असते. आपल्यासाठी नाही तरी आपली गाडी उघडणाऱ्या मुलासाठी तेवढे वाचून घ्यावे.

आता खात्रीच्या डब्याविषयी. मूळ मालाची नक्कल सर्वांत जास्त होते, कारण नकलेला भाव मूळच्या नावाने मिळतो, आणि म्हणूनच अनोळखी दुकानातला ‘कंपनीचा’ डबा ओळखीच्या वितरकाकडच्या बॉश किंवा टीव्हीएसच्या डब्यापेक्षा धोक्याचा असू शकतो. डब्यावर उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, छापील किंमत आणि महिना-वर्ष असणे वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यांतले काही नसेल तर पुढे बोलायचेच कारण नाही. होलोग्रामवर विसंबू नये, तो सहज छापता येतो. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करावा, पार्ट नंबर आपल्या गाडीच्या मॉडेल व वर्षाशी ताडून पाहावा, आणि डबा उघडून पॅडवरचा क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघावे. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पक्के बिल. नकली माल विकणारा दुकानदार त्यावर जीएसटी क्रमांकासह पार्ट नंबर लिहून द्यायला टाळाटाळ करतो.

पॅडच्या बाबतीत मी जेवढा मोकळा आहे तेवढा डिस्कच्या बाबतीत नाही. व्हेंटिलेटेड डिस्कच्या दोन तबकड्यांमध्ये हवा खेळवणाऱ्या पाती असतात. ओतकाम हलक्या दर्जाचे असेल तर एक तबकडी जाड आणि दुसरी पातळ निघते, ती असमान तापते, आणि काही महिन्यांतच ऐंशीच्या वेगाला ब्रेक मारताना स्टीअरिंग हातात थरथरू लागते. डिस्क नवी घ्यायची तर मूळ किंवा अव्वल उत्पादकाचीच घ्यावी. जुनी डिस्क लेथवर फेसिंग करून वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुकीची नाही, पण डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा उमटवलेला असतो, आणि फेसिंगनंतर उरलेली जाडी त्यापेक्षा कमी भरत असेल तर ती डिस्क भंगारातच गेली पाहिजे. मागच्या ब्रेक शूंवर नवे लायनर चढवून देणारे कारागीर अजूनही गावोगावी आहेत. ट्रकच्या रिव्हेट मारलेल्या लायनरमध्ये त्यांचे कौशल्य वादातीत आहे, परंतु छोट्या गाडीचे चिकटवलेले लायनर ठरावीक तापमान आणि दाब नसलेल्या जागी पुन्हा चिकटवणे मला मान्य नाही. ड्रमच्या आत लायनर सुटले तर ते चाक अडकवू शकते. नव्या शूंचा संच मुळात फार महाग नसतो.

पेडलचा दाब ऑइलमध्ये उतरवणारा मास्टर सिलिंडर, तो चाकापाशी शूंवर देणारा व्हील सिलिंडर, ऑइलच्या रबरी नळ्या म्हणजे होज, आणि चाके अडकू न देणाऱ्या एबीएसशी संबंधित कोणताही भाग यांत मूळ माल किंवा ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग यांपलीकडे मी जात नाही. पॅड खराब निघाला तर आवाज, कंप, लांबलेले अंतर अशा काही खुणा आधी दिसतात. सिलिंडरमधले रबर दगा देते तेव्हा पेडल थेट खाली जाते.

ब्रेक ऑइलचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, त्याप्रमाणे कोणत्याही नामांकित कंपनीचे सीलबंद ऑइल चालते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून गॅरेजमध्ये उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू देऊ नये आणि दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यांत कधीच मिसळू नये.

वॉरंटीत असलेल्या गाडीच्या मालकांना बाहेरचा माल लावला की वॉरंटी जाते अशी भीती घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू न देणे हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात म्हटले होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली. तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे असले तरी व्यवहारात वाद घालत बसण्याची वेळ ग्राहकावरच येते, म्हणून वॉरंटीच्या काळात मी अधिकृत माल घेण्याचाच सल्ला देईन. स्विफ्टसारख्या दहा वर्षे उलटलेल्या गाडीला हा प्रश्न उरत नाही.

कोणताही डबा घेतला तरी बसवणाऱ्याच्या समोर उभे राहावे. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या बाहेर काढून पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले पाहिजे. साधे चेसिस ग्रीस लावले तर आतली रबरे फुगतात, पिन अडकते आणि एकाच बाजूचा पॅड झिजत राहतो. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू देऊ नये, जुन्या क्लिपा पुन्हा वापरू देऊ नयेत, आणि पिस्टन मागे दाबताना टाकीतले ऑइल उतू जाऊन रंगावर पडत नाही ना, तेही बघावे. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. गाडी खाली उतरल्यावर, इंजिन सुरू करून गिअर टाकण्यापूर्वी, पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबून घ्यावे, कारण पहिल्या दाबाला पेडल रिकामेच खाली जाते.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ६० च्या वेगावरून २० पर्यंत बेताच्या जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावावेत, दरम्यान थोडे अंतर गाडी तशीच चालवून डिस्क गार होऊ द्यावी, आणि पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरू नये. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक अडचणीतच मारावा आणि घाटाचा बेत त्यानंतरच आखावा. एवढे करूनही पेडल स्पंजसारखे लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली आहे. अशा वेळी पॅडला दोष न देता गाडी त्याच दिवशी परत गॅरेजात न्यावी आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यावी.